सात चिंचोक्यांचे गणित

रेणापूरच्या फाट्यावर आम्ही चौघे एसटीची वाट पाहत उभे होतो, तेव्हा सकाळचे ऊन निवलेल्या दुधासारखे पांढरे पडले होते. समोरच्या लिंबाचा पाला शेळ्यांसाठी इतका ओरबाडलेला होता की त्या झाडाची सावलीसुद्धा विरलेल्या लुगड्यासारखी रस्त्यावर पसरलेली दिसे. सात वर्षांची सुजाता आणि पाच वर्षांचा राहुल पत्र्याच्या पेटीवर पाठीला पाठ लावून बसले होते. त्यांची आई डोक्यावरचे बोचके उतरवायला तयार नव्हती; एकदा उतरवले तर पुन्हा उचलण्याचे बळ राहणार नाही, असे काहीसे तिच्या चेहऱ्यावर होते. माझे वडील, म्हणजे आबा, आमच्यापासून दहा पावलांवर उभे होते. एसटीची धूळ लातूरकडच्या वळणावर दिसू लागल्यावर ते जवळ आले आणि जे बोलायचे ते एका दमात बोलले.

"लेकरं तुझी हायत, न्यायला ना न्हाई. पर दसऱ्याला घिऊन ये. म्या हिशेब इचारीन. ज्याला ईल त्याला माघारी ने. ज्याला न्हाई यायचा, ते माझ्यापाशी ऱ्हाईल. हितं शाळा तरी हाय."

मी मान हलवली. ती मान मी कोणत्या अर्थाने हलवली, यावर आमच्या घरात आजतागायत वाद आहे.

हा मजकूर मी गावी राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी लिहीत आहे; आणि लिहिण्याचे कारण माझी नात आहे. सुजाताची मुलगी प्रज्ञा कॅनडात असते. तिने आपल्या दोन मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवले आहे. मुलांची वयेही तीच, सात आणि पाच. गेल्या महिन्यात तिने आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गणित शिकवण्याच्या तीन साधनांचे फोटो पाठवले. एकात लाकडी ठोकळे होते, एकात रोज भरायच्या वर्कशीटचे गठ्ठे, तिसऱ्यात पडद्यावर बोलणारी बाई. खाली तिने विचारले होते, आजोबा, तुम्हीसुद्धा आईला आणि मामाला घरीच शिकवले होते ना, मग यातले कोणते घेऊ?

प्रश्न मला होता. उत्तरे मात्र सगळ्यांनी दिली. सुजाताने लिहिले की गणित तिला आईने शिकवले, बापू, म्हणजे मी, फक्त पुस्तक आणून देत. राहुल क्वचितच काही लिहितो. त्याने लिहिले की बापूंनी चुकीचे पुस्तक निवडले म्हणून तो अकरा वर्षे आई-बापाविना वाढला. माझा धाकटा भाऊ भीमराव गावीच असतो. त्याला टाइप करणे जमत नाही, म्हणून त्याने बोलून पाठवले की दादाला दुष्काळाने घालवले, त्यात गणिताचा काही संबंध नाही. तिन्ही कथने अपुरी आहेत. माझे वय चौऱ्याऐंशी आहे, स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि त्या वेळी या सर्वांपेक्षा मी वयाने मोठा होतो, एवढे तरी मान्य व्हावे.

प्रथम भीमरावाचे. दुष्काळाने मला घालवले नाही. माझ्या खिशात नेमणुकीचा कागद होता. नांदेडकडे एका कालव्याचे काम निघाले होते आणि तिथे हजेरी कारकून म्हणून माझी निवड झाली होती. कामावर जाणारी माणसे आणि कामाच्या शोधात जाणारी माणसे त्या वर्षी एकाच एसटीत बसत, म्हणून पाहणाऱ्याला ती सारखी दिसली असतील. आमची विहीर कोरडी होती हे खरे. आडातल्या घागरीच्या तळाचा आवाज त्या दिवसांत वस्तीभर ऐकू येई, हेही खरे. परंतु मी गेलो तो सरकारी कागदावर, आणि तो कागद अजून माझ्याजवळ आहे. त्यावर गावाचा जिल्हा उस्मानाबाद असा लिहिला आहे.

कालव्याच्या कामाचा एक स्वभाव असतो. काम पुढे सरकते आणि तळही त्याच्यामागे सरकतो. दोन महिने एका माळावर, दोन महिने दुसऱ्या. आज इतक्या वर्षांनी डोळे मिटले की ते सगळे माळ एकमेकांत मिसळतात आणि एकच लांबलचक, तांबूस, हलकेच तरंगणारा माळ उरतो. त्यावर तट्ट्याच्या झोपड्या, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या मोठ्या कढईभोवती बसलेल्या बायका, आणि खणलेल्या खड्ड्यांच्या मधोमध मुद्दाम न खणता ठेवलेले मातीचे उभे खांब. किती खोल खणले ते त्या खांबांवरून मोजत. त्यांना साक्ष म्हणत. दुपारी धुळीच्या पडद्यातून पाहिले तर वाटे की शेकडो माणसे खड्ड्यात उभी राहून कुणाची तरी वाट पाहत आहेत. अशा ठिकाणी शाळा कुठली? मुलांना शिकवायचे तर आम्हीच. लिहिणे-वाचणे त्यांच्या आईने घेतले, ती चौथी शिकलेली होती. गणित मी घेतले.

पुस्तक आणायला मी नांदेडला वजिराबादेत गेलो. दुकानदार उदगीरकडचे, कपाळावर विभूती लावणारे, सावकाश बोलणारे अप्पा होते. त्यांनी माझ्यापुढे दोन पुस्तके ठेवली. एक पातळ अंकलिपी. तिच्यात पाढे, आणि त्यांच्यामागे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे. दुसरे शाळेत नुकतेच आलेले नवे पुस्तक. त्यात पाढे कमी, गोल रिंगणे फार. रिंगणात आंबे, रिंगणात पक्षी, रिंगणात मुले. त्यांना संच म्हणायचे.

"अंकलिपी न्या," अप्पा म्हणाले. "ह्ये नवं गणित मास्तर लोकांनाच कळंना गेलंय. डोकं खाजवायलेत."

"म्हणजे शहरातल्या मुलांना हेच शिकवतात?"

"शिकवायलेत म्हणं. समजायलंय का, ते इचारू नका."

मी नवे पुस्तक घेतले. का घेतले, ते राहुलने एकदा नीट ऐकून घ्यावे.

ती पावकी-निमकी आबांना तोंडपाठ होती, पण आबा शाळेत कधी बसले नव्हते. निजामाच्या राज्यात आमच्या गावची शाळा एका ओट्यावर भरे. आबा त्या ओट्याच्या भिंतीबाहेर गुरांसाठी उभे राहत आणि आतून ओरडून म्हटलेले पाढे भिंतीतून ऐकत. अर्धे मराठीत, अर्धे उर्दूत. डेढ सत्ते साडेदस. ऐकून ऐकून त्यांनी ते सगळे आपलेसे केले. आम्ही नवा धम्म घेतला त्यानंतर आबा भर बाजारात, धान्याच्या मापाशी उभे राहून, व्यापाऱ्याच्या आधी तोंडी उत्तर सांगत आणि पुढे जात. काही विकत घ्यायचे नसतानाही सांगत. त्यांना तो अभिमान होता. मला मात्र त्या पाढ्यांत नेहमी ती भिंत ऐकू येई. माझ्या मुलांनी भिंतीबाहेरून आलेले काहीही शिकू नये, आत बसलेल्यांना जे मिळते तेच, आणि त्याच वर्षी, त्यांना मिळावे, असे मला वाटले. हा हट्ट असेल. चूक होती असे मी अजून मानत नाही.

आता सुजाताचे. तिची आई भाकरी मोडताना तिच्याकडून चतकोर, अर्धी, पाऊण असे म्हणवून घेई, आणि त्यातून तिला पावकी येत गेली. सुजाता म्हणते की हे माझ्यापासून चोरून चालले होते. चोरून नव्हते. झोपडी दहा हातांची होती; तिच्यात चोरून काय होणार? मी ऐकत होतो आणि हजेरीच्या वहीत मान घालून बसत होतो, इतकेच. सकाळी मी तिला कामावर नेई. ती साक्षीच्या खांबाशेजारी उभी राहून आपल्या उंचीवरून खोली सांगे. मोजणीला आलेले साहेब हसत, पण पट्टी लावल्यावर त्यांचे हसणे कमी होई.

राहुलला मात्र माती आवडत नसे. त्याला ते पुस्तक आवडले. त्याने माळावर काडीने रिंगणे काढली. एकात आपल्या झोपडीतली भांडी, एकात कुत्री. एकात, मला आठवते, नुसते आभाळ आहे असे तो म्हणाला, कारण त्यात त्याने काही ठेवले नव्हते. रिकाम्या रिंगणालाही गणितात मान असतो, हे त्याला पाचव्या वर्षी कळले होते. मी खुश होतो. त्याची आई खुश नव्हती. ती एकदाच म्हणाली, "आबा रिंगण इचारणार न्हाईत."

मी म्हणालो, आबांना काय विचारायचे ते मी पाहून घेईन.

दसऱ्याला आम्ही गावी गेलो. पाऊस होऊन गेला होता, विहिरीत पाणी आले होते, आणि वस्तीवर निळ्या पताका लागल्या होत्या. वंदना झाल्यावर आबा अंगणात घोंगडी टाकून बसले. भीमराव, त्याची बायको, आम्ही दोघे, सगळे भोवती. पहिल्यांदा सुजाताला बोलावले. पाच पाव किती, सात दिडं किती, तिने सव्वा आणि साडेदहा अशी खटाखट उत्तरे दिली. मग आबा म्हणाले, "आपली हीर सात परस खोल. तुझ्या उंचीनं किती व्हईल?"

परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. सुजाता आबांपाशी गेली, त्यांना उभे केले, हात वर करायला लावले, स्वतः शेजारी उभी राहिली, आणि म्हणाली, "चौदा. पर आत्ता चौदा, आबा. म्या वाढले की हीर कमी व्हईल."

आबांनी वर केलेले हात तसेच ठेवले होते. ते खाली घ्यायचे राहून गेले, असे वाटले. ते ऊन, तो वर हात केलेला म्हातारा, ती मान वर करून पाहणारी मुलगी. हे चित्र माझ्या मनात आता जमिनीला टेकलेले नाही, पाण्यात पडलेल्या सावलीसारखे ते हलत असते.

मग राहुल. पाच पाव किती, याला तो गप्प. दोन पाव किती, तरीही गप्प. आबा मऊ झाले. "बरं, ते ऱ्हाऊ दे. आपल्या घरात माणसं किती, ते सांग."

राहुलने काडी घेतली, अंगणात मोठे रिंगण काढले, आणि चुलीपाशी ठेवलेल्या टोपलीतले चिंचोके एकेक करून त्यात ठेवले. आबा, काका, काकू, आई, बापू, अक्का, मी. सात.

आबांनी वाकून एक चिंचोका उचलला आणि रिंगणाबाहेर ठेवला. "ह्यो तुझा बाप. ह्यो गेलाय तिकडं. आता किती?"

राहुलने तो परत आत ठेवला. "सात."

आबांनी पुन्हा काढला. त्याने पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा तो परत आत ठेवत राहुल म्हणाला, "कुठंबी ऱ्हावा, आबा. एकदा रिंगणात ठिवला की आतच ऱ्हातो."

आबांनी चिंचोका रिंगणातच राहू दिला. मग उठले, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "पोरगी ने. ह्यो हितं ऱ्हाईल."

मी भांडलो. हे नोंदवून ठेवावे, कारण राहुल म्हणतो की मी तोंडातून शब्द काढला नाही. मी म्हणालो की त्याचे उत्तर शहरातल्या कोणत्याही शाळेत बरोबर धरतील. आबा म्हणाले की शहरात धरतील तर शहरात विचार. मी म्हणालो, तुम्हाला नवे गणित कळत नाही. भर अंगणात, सुनांसमोर, बापाला मी असे म्हणालो. त्यानंतर मात्र मी गप्प बसलो, आणि राहुलला बहुधा तेवढेच आठवते. त्याच्या आईने त्याचे कपडे बोचक्यातून काढून परत खुंटीला लावले. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर मला तिच्याशी वाद घालता आला असता.

पुढे अकरा वर्षे मी दर महिन्याला गावी जात राहिलो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर. त्या रस्त्यावरचा प्रत्येक लिंब मला ओळखू लागला. कालवा संपला, मी विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर लागलो, सुजाता नांदेडच्या शाळेत परीक्षा देऊन थेट चौथीत बसली, घराला पक्के छप्पर आले. राहुल गावच्या शाळेत शिकला आणि आबांकडून पावकी शिकला. मला पाहिले की तो पाहुणा आल्यासारखा पाणी आणून देई. मोठा झाल्यावर एकदा हसत हसत म्हणाला, "माझं नाव राहुल ठिवलं तव्हाच तुमचं ठरलं व्हतं, बापू." आमच्या घरात या नावाच्या मुलाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कोणाचा बाप बोधीसाठी कोणाला मागे ठेवून निघाला, ते सांगावे लागत नाही. मी म्हणालो, नाव तुझ्या आईने ठेवले. ते खोटे होते.

मग लातूर जिल्हा झाला. राहुलने कार्ड पाठवले: पत्त्यावर आता जिल्हा लातूर लिहावे, गाव जागच्या जागी आहे. मला ते टोचले. मी गाव सोडले म्हणून मी गेलेला. मग गाव जागेवर बसून दुसऱ्या जिल्ह्यात गेले तर त्याला गेलेले का म्हणू नये? माझ्या कागदावर उस्मानाबाद होते, म्हणून मी वर्षभर उस्मानाबादच लिहीत राहिलो. त्याच वर्षात आबा आजारी पडले. मी त्यांना पत्र लिहिले, आयुष्यात पहिल्यांदा विचारले: राहुलला का ठेवून घेतलेत? ते पत्र आबा गेल्यावर आठ दिवसांनी पोहोचले. भीमराव म्हणतो, जिल्हा चुकवल्यामुळे. मी म्हणतो, त्या आठवड्यात पुलावरून पाणी होते. पुलावर पाणी खरेच होते. परंतु जिल्हाही चुकला होता.

प्रज्ञाच्या प्रश्नावर वाद वाढला तेव्हा मी ग्रुपवर लिहिले की राहुलला नापास करणारे आबा होते, मी नव्हे. आणि नापास केले ते नवे गणित न कळल्यामुळे. त्यावर भीमरावाचा आवाज आला. म्हातारा आवाज, मागे कोंबड्या.

"दादा, आबानं नापास कवा केलं? तुमी एसटीत बसल्यावर आबा अंगणात आले. चिंचोके तसेच व्हते. माझ्या बायकूला झाडू दिलं न्हाई. वर डालगं झाकून ठिवलं चार दिस. मला म्हणले, पोरगं बराबर हाय, भीम्या, मोठ्यापेक्षा बराबर हाय. पर ह्याला धाडलं तर मोठा परत कशाला यील? ह्यो हितं ऱ्हायला तर तो येत ऱ्हाईल."

मी विचारले, मग पन्नास वर्षे हे मला का सांगितले नाहीस?

"तू कवा इचारलंच न्हाईस, दादा. तू निस्तं सांगतूस."

यावर मला उत्तर आहे. मी दर महिन्याला आलो तो मुलासाठी; गावासाठी किंवा आबांसाठी नव्हे. हे मी लिहूनही ठेवले होते, पाठवायच्या बेतात होतो. मग मला ते चार दिवस दिसू लागले. अंगणात उपडे घातलेले डालगे, त्याच्या विणीतून आत पडणारे ऊन, आणि त्या जाळीदार उजेडात सात चिंचोके. मी नांदेडच्या वाटेवर होतो, बापावर रागावलेला; आणि त्याच वेळी मी त्या डालग्याखाली होतो. दोन्ही ठिकाणी. ज्या पुस्तकाचे मी एवढे समर्थन करत आलो, त्याचा हा पहिला धडा मला चौऱ्याऐंशीव्या वर्षी समजला, आणि तो आबांना माझ्याआधी समजला होता.

तेव्हा प्रज्ञा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. लाकडी ठोकळे घे. वर्कशीट घेतलेस तरी हरकत नाही. पडद्यावरची बाई मात्र मला पसंत नाही, ती मुलांचे ऐकून घेत नाही. आणि मुलांना भाकरी मोडायला शिकव, तिथे पोळी असेल तर पोळी. चतकोर, अर्धी, पाऊण. तुझ्या आजीची पद्धत चांगली होती. हे मी पहिल्यांदाच लिहीत आहे, म्हणून सुजाताने याचा फोटो काढून ठेवू नये.

घर म्हणजे काय, असे लोक मला विचारतात, नांदेडचे की गावचे. तो प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. घर जिल्हा बदलते, छप्पर बदलते. आमचे तर एका माळावरून दुसऱ्या माळावर चालत गेले. आबा गेले, राहुलची आई गेली, तरी मी डोळे मिटून मोजतो तेव्हा सातच भरतात.

राहुल, तू म्हणतोस की मी तुला सोडले. मी ते अजूनही मान्य करत नाही. परंतु एक गोष्ट त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिली आणि तुला कधीच सांगितली नाही. आबांनी तीनदा बाहेर काढला तो चिंचोका मी होतो. तू पाच वर्षांचा होतास, तुझी परीक्षा चालली होती, आणि तुला तुझ्या आईजवळ परत यायचे होते. आबांना हवे ते उत्तर सहा होते. ते देऊन तू सुटू शकला असतास. तू तिन्ही वेळा मला परत आत ठेवलेस.